यहूदी लोकांचे धर्मग्रंथ : तनाख, मिश्ना आणि तल्मूद

“यहूदी लोकांचे पवित्र शास्त्र कोणते?” असे संडे स्कूलच्या वर्गात विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : जुना करार. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. या अपुऱ्या ज्ञानामुळे यहूदी धर्माविषयी पुष्कळ गैरसमज आपल्या प्रवचनांतून व पाठांतून नकळत पसरतात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा त्याच्या धर्माविषयी बोलतानाही आपल्याला बंधनकारक आहे. म्हणून हे ग्रंथ कोणते आणि त्यांच्यात भेद काय, हे या पाठात क्रमाने पाहू.

१. लेखी शास्त्र : तनाख

यहूदी लोक आपल्या शास्त्राला ‘जुना करार’ म्हणत नाहीत. ते त्यास ‘तनाख’ म्हणतात. तोरा (नियमशास्त्र), नविईम (संदेष्टे) आणि कतुविम (लेख) या तीन इब्री नावांच्या आद्याक्षरांपासून हा शब्द बनला आहे. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांशी बोलताना मोशेचे नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रे असा उल्लेख केला (लूक २४:४४), त्यात याच विभागणीचा मागोवा लागतो.

तनाखमध्ये २४ पुस्तके आहेत. प्रॉटेस्टंट बायबलातील जुन्या करारात ३९ पुस्तके असली, तरी मजकूर तोच आहे. फरक मोजणीचा आहे. बारा लघुसंदेष्टे मिळून एक पुस्तक. शमुवेल, राजे व इतिहास यांचे प्रत्येकी एक. एज्रा व नहेम्या मिळून एक, अशी ती मोजणी आहे. कॅथॉलिक बायबलात जुन्या कराराची पुस्तके ४६ आहेत, कारण तनाखबाहेरील काही पुस्तकेही त्यात स्वीकारलेली आहेत.

क्रमातील भेद अधिक विचार करण्याजोगा आहे. दानीएलाचे पुस्तक तनाखमध्ये संदेष्ट्यांत नसून लेखांत आहे. आपला जुना करार मलाखीने संपतो आणि एलीया येण्याच्या अभिवचनापाशी थांबतो. त्यामुळे पान उलटताच बाप्तिस्मा करणारा योहान समोर येतो. तनाख मात्र इतिहासाच्या पुस्तकाने संपतो. तेथे शेवटी कोरेश राजा बंदिवान लोकांना यरुशलेमेस परत जाण्याची मोकळीक देतो. पुस्तके तीच, परंतु वाचकाची दृष्टी एका ठिकाणी येणाऱ्याकडे लागते, तर दुसऱ्या ठिकाणी परतीच्या वाटेकडे.

या तीन विभागांत तोरेचा मान सर्वांत मोठा आहे. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून सभास्थानात तिचे वाचन होते. सर्वसाधारण प्रथेप्रमाणे ते दर आठवड्यास नेमलेल्या भागानुसार वर्षभरात पूर्ण होते. त्यासोबत संदेष्ट्यांतील निवडक उतारे वाचतात. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूच्या हाती यशयाचा ग्रंथ देण्यात आला, तो प्रसंग येथे आठवावा.

२. मौखिक नियमशास्त्र : मिश्ना

शब्बाथ दिवशी काम करू नये, असे तोरा सांगते. पण काम म्हणजे नेमके काय? अशा प्रश्नांची उत्तरे गुरूकडून शिष्याकडे तोंडी येत गेली. रब्बींच्या शिकवणीप्रमाणे सिनाय पर्वतावर मोशेला लेखी नियमशास्त्राबरोबर मौखिक नियमशास्त्रही मिळाले. मार्क ७ मध्ये ज्या ‘वाडवडिलांच्या संप्रदाया’विषयी वाद झाला, तो याच प्रकारच्या परंपरेविषयी होता.

इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिराचा नाश केला. यज्ञ थांबले, लोक विखुरले आणि परंपरा टिकविण्याची चिंता वाढली. सुमारे इ. स. २०० मध्ये रब्बी यहूदा हा-नासी यांनी या परंपरेचे इब्री भाषेत संकलन केले. तीच मिश्ना होय. तिचे ६ विभाग व ६३ प्रकरणग्रंथ आहेत. शब्बाथ दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार तीत दिले आहेत. आणि जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवावा, हा नियमही तीतच आहे.

३. चर्चेचा ग्रंथ : तल्मूद

मिश्नेवर पुढील पिढ्यांतील रब्बींनी जी चर्चा केली, तिला ‘गमारा’ म्हणतात. तिची भाषा मुख्यतः अरामी आहे. मिश्ना व गमारा मिळून तल्मूद होतो. तल्मूद दोन आहेत. यरुशलेमी तल्मूद सुमारे इ. स. ४०० च्या सुमारास पॅलेस्टाईनमध्ये तयार झाला. बाबेली तल्मूद त्यानंतर शंभर-दोनशे वर्षांत पूर्ण झाला. तो अधिक विस्तृत असून अधिक अधिकृत मानला जातो. त्यात नियमांची चर्चा आहे, तशाच कथा, बोध व प्रार्थनाही आहेत. विशेष म्हणजे ज्यांचे मत मान्य झाले नाही, अशा रब्बींची मतेही त्यात जपून ठेवलेली आहेत.

लेखी शास्त्र व रब्बींची परंपरा यांतील भेद मराठी मुलुखातही दिसून येतो. कोकणातील बेने इस्राएल समाज दीर्घकाळ इतर यहूदी लोकांपासून दूर राहिला. तल्मूदाशी परिचय नसतानाही त्यांनी शब्बाथ, सुंता व ‘शमा’ ही प्रार्थना जपली. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे कोचीनच्या यहूदी शिक्षकांकडून त्यांना रब्बींच्या परंपरेचे शिक्षण मिळाले.

४. भेद न ओळखल्याचा परिणाम

“यहूदी धर्म म्हणजे डोळ्याबद्दल डोळा” असे आपण सहज बोलून जातो. तोरेत हा नियम आहे. परंतु मिश्ना त्याचा अर्थ भरपाई असा लावते : इजा करणाऱ्याने कायमचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम व अपमान या पाच गोष्टींची भरपाई द्यावी. गमारेत एक रब्बी विचारतात, की एकाचा डोळा मोठा व दुसऱ्याचा लहान असेल, तर न्याय सारखा कसा होईल? केवळ जुना करार वाचून यहूदी न्यायाविषयी मत बनविणारा वाचक या सर्व विचारास मुकतो.

उलट दिशेनेही सावधगिरी हवी. मिश्नेचे संकलन प्रभू येशूच्या काळानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी झाले. तीत जुन्या परंपरा आहेत. पण तीतील प्रत्येक वाक्य येशूच्या काळातील परूशांच्या तोंडी घालणे योग्य नव्हे.

या अज्ञानाची मोठी किंमत यहूदी लोकांनी मोजली आहे. पॅरिस येथे १२४२ साली ख्रिस्ती अधिकाऱ्यांनी तल्मूदाची हस्तलिखिते गाड्या भरभरून जाळली. रोममध्ये १५५३ साली पुन्हा तेच घडले. मात्र याच दोन घटनांच्या दरम्यान, १५२० ते १५२३ या काळात, डॅनिएल बॉमबर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने व्हेनिसमध्ये बाबेली तल्मूदाची पहिली संपूर्ण आवृत्ती छापली. मध्यभागी मूळ मजकूर व भोवती भाष्ये, ही त्याच्या पानांची मांडणी व त्याचे पृष्ठांकन आजही चालू आहे. एकाच विश्वासाच्या लोकांपैकी काहींनी ग्रंथ जाळले, तर एकाने तो जपला.

तल्मूद आपल्यासाठी शास्त्रवचन नाही, आणि येशू हाच ख्रिस्त ही आपली साक्षही त्यामुळे उणी होत नाही. परंतु ज्या लोकांकडून आपल्याला स्तोत्रे व संदेष्टे लाभले, त्यांच्या श्रद्धेविषयी बोलताना ते स्वतः काय मानतात हे आधी जाणून घेणे, ही सत्यप्रिय शिष्याची रीत होय.

चिंतनासाठी प्रश्न

१. मलाखी ३ व ४ आणि २ इतिहास ३६:२२–२३ वाचा. शास्त्राचा शेवट बदलल्याने वाचकाची अपेक्षा कशी बदलते?
२. मार्क ७:१–१३ मध्ये प्रभूने संपूर्ण परंपरेचा निषेध केला, की परंपरेच्या गैरवापराचा?
३. आपल्या मंडळीतही शास्त्राचा अर्थ लावणाऱ्या कोणत्या परंपरा आहेत? त्यांची पारख आपण कशी करतो?
४. यहूदी लोकांविषयी आपल्या बोलण्यात येणारे कोणते विधान आता सुधारले पाहिजे?