फुगणारं दार आणि रंगाची निवड

प्रश्न : कसाऱ्यातल्या आमच्या घराचं आजोबांच्या काळचं सागवानी दार पावसात फुगून अडकतं. गणपतीआधी जाड ऑइलपेंट मारला, की पाणी शिरणार नाही ना? आणि रंग कोणता द्यावा, जो दहा वर्षांनीही जुनाट वाटणार नाही?
— एक वाचक, कसारा

उत्तर : काळजी नको, सागवान आहे, दार सुधारेल. पण जाड थराने नाही. लाकूड सर्वांत जास्त ओल पितं ते वरच्या-खालच्या कडांतून, आणि रंगारी बहुधा त्याच कडा कोऱ्या सोडतात. शिवाय ओल्या लाकडावरचा रंग फोड येऊन सुटतो. म्हणून यंदा गणपतीला तोरण बांधा, रंग दिवाळीनंतर द्या. दार बिजागरीवरून उतरवून सगळ्या कडांसकट प्रायमर आणि इनॅमलचे दोन पातळ हात द्या.

जुना रंग मात्र कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. पाणी लावून, मास्क घालून घासा. मुलांना लांब ठेवा.

रंग म्हणाल तर माझी पसंती गर्द हिरव्याला. कौलं, चुन्याची भिंत, पितळी कडी यांच्याशी तो छान जुळतो. दार पश्चिमेकडे असेल तर काळपट छटा टाळा, उन्हात फार तापतात. खरवडल्यावर सागाच्या रेषा सुंदर निघाल्या तर रंग न देता बाहेरच्या लाकडासाठीचं पारदर्शक वॉर्निश लावा. ते मात्र दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावं लागेल. डबा घेण्यापूर्वी छोटा नमुना दारावरच लावून सकाळ-संध्याकाळ पाहा.