माध्यमिक स्तरावरील नाट्याध्ययन : 'कोण कोणास म्हणाले?'

माध्यमिक शाळेत नाट्यवाङ्मयाचा अभ्यास प्रामुख्याने भाषाविषयाच्या पोटात होतो. पाठ्यपुस्तकातील नाट्यउतारा गद्यपाठासारखाच वाचला जातो आणि 'कोण कोणास म्हणाले?' हा त्यावरील हुकमी प्रश्न ठरतो. प्रत्येक वाक्यास बोलणारा एक व ऐकणारा एक, असे या प्रश्नाचे गृहीत आहे. रंगमंचावरील वाक्य मात्र समोरच्या पात्राइतकेच प्रेक्षागृहालाही उद्देशून असते.

या दृष्टीने जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' (१८५५) विचारात घेण्याजोगे आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलेल्या या नाटकात जोशी ग्रहपीडेचे भय घालून कुणबी दांपत्यास लुबाडतो आणि विदूषक मधूनमधून त्यावर शेरे मारतो. हे शेरे कोणास? ते कुणब्यापर्यंत पोचते, तर फसवणूक तेथेच थांबली असती. प्रेक्षकास जे कळते ते कुणब्यास कळत नाही. या अंतरावरच नाटकाची सारी भिस्त आहे. 'कोणास' या रकान्यात विद्यार्थ्याने काय लिहावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. हा प्रवेश एकदा विदूषकाचे शेरे गाळून आणि मग त्यांसह मोठ्याने वाचवून घेतला, तर हसू नेमके कोठे फुटते आणि ते कोणाच्या अज्ञानावर फुटते, हे वर्गाच्या ध्यानात येते. त्यातून फुल्यांचा शिक्षणविषयक आग्रहही निराळा समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

इंग्लंडमध्ये हाच वाद दुसऱ्या टोकाने रंगला. डॉरोथी हीथकोट यांच्या पद्धतीत शिक्षक स्वतःच भूमिकेत शिरतो आणि मुले कल्पित प्रसंग जगून पाहतात. तेथे प्रेक्षकांसमोरचा प्रयोग गौण ठरतो. १९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाट्यास स्वतंत्र स्थान न मिळता ते इंग्रजी विषयात सामावले गेले. पुढच्याच वर्षी डेव्हिड हॉर्नब्रुक यांनी 'एज्युकेशन अँड ड्रॅमॅटिक आर्ट' या ग्रंथात, अशा शिक्षणाने नाट्याची कला म्हणून असलेली परंपरा दुरावते, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्तच होता. मराठी वर्गाची अडचण याहून अवघड आहे : तेथे प्रसंग जगणेही नाही आणि रंगपरंपरेचा परिचयही बेताचाच.

देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. त्यातील पद छापील पानावर कवितेसारखे दिसते, म्हणून अध्यापक त्याचा अन्वयार्थ सांगून पुढे जातो. (शिकवणीच्या मार्गदर्शिकांनी तर हे काम आणखी सोपे केले आहे.) वृद्धाशी विवाह ठरलेली मुलगी जे संवादात बोलू शकत नाही, ते तिला गाण्यात का बोलता येते, हा प्रश्न मात्र त्यामुळे राहूनच जातो. तो विचारण्यासाठी रंगमंच लागत नाही. एक ध्वनिमुद्रण, एक संवाद आणि दोघांची शेजारी-शेजारी केलेली तुलना एका तासिकेत सहज बसते.