उद्या शाळेत पाठवू का, डॉक्टर?

पालकहो, पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे ‘उद्या शाळेत पाठवू का?’ पोराचं अंग अजून तापलेलं असतं, नाक वाहत असतं, आणि आई मोबाईलवर शाळेच्या ग्रुपमधलं वेळापत्रक दाखवत असते. ‘युनिट टेस्ट आहे हो, काहीतरी स्ट्राँग द्या.’ बाबा आले असतील तर त्यांना इंजेक्शन हवं असतं. फ्लूची जगभर साथ आली तर आपली आणि सरकारची तयारी कितपत आहे, यावर तुमच्याशी बोलायचं ठरवलं तेव्हा व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, खाटा हे सगळं डोळ्यांपुढे आलंच. पण त्याआधी आठवला तो हा प्रश्न. साथीचे पहिले काही महिने कसे जातील ते बरंचसं याच्या उत्तरावर ठरतं, असं माझं मत आहे.

का, ते सांगते. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा थोडा बदलतो, म्हणून दरवर्षी नवी लस लागते. पण कधीतरी तो इतका बदलतो की कुणाच्याच शरीराला त्याची ओळख राहत नाही. १९१८ साली तसं झालं. आपल्याकडे जुनी माणसं तिला मानमोडीची साथ म्हणत. जूनमध्ये ती मुंबई बंदरात शिरली. पहिला फेरा बऱ्यापैकी सौम्य गेला. सप्टेंबरमध्ये दुसरा आला तो भयानक होता. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेच्या रुळांवरून ती देशभर पसरली, आणि कसारा घाट चढून येणारी मुंबईची गाडी आपल्या नाशिकवरूनच पुढे जाते. देशात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात वीस ते चाळीस वयाची, कमावती, लेकुरवाळी माणसं फार होती.

२००९ तर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने स्वाईन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. देशातला तो पहिला मृत्यू. पुढच्या काही दिवसांत नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनात. रुमालात कापूर-वेलदोड्याची पूड बांधून लोक हुंगत होते. त्या रांगेचं मला अजून वाईट वाटतं. साधी सर्दी झालेला आणि खरोखर फ्लू झालेला तासन्‌तास एकमेकांना खेटून उभे होते. साथ पसरवायला याहून सोयीची जागा कोणती? घाबरून चाचणीला धावणं हेही साथीला घातलेलं खतच.

आणि लस? ती पुण्यातच तयार झाली, नाकात मारायची. पण बाजारात आली जुलै २०१० मध्ये. १० ऑगस्टला संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. कोविडच्या वेळी शास्त्रज्ञांनी वर्षाच्या आत लस देऊन कमाल केली, तरी आपल्याकडे पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना ती मिळाली जानेवारी २०२२ मध्ये आणि बारा ते चौदाच्या मुलांना मार्चमध्ये. बाराच्या आतल्यांचा सरकारी मोहिमेत नंबरच लागला नाही. त्यामागे कारणंही होती, मुलांना त्या आजाराचा धोका कमी होता. फ्लूची गोष्ट वेगळी आहे. तो दोन वर्षांच्या आतल्या बाळांना फार त्रास देतो, आणि शाळकरी मुलं तो घरोघर नेतात, थेट आजी-आजोबांपर्यंत. म्हणून नव्या फ्लूच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत आपल्या हातात उरतं काय? खिडक्या उघड्या ठेवणं, हात धुणं, मास्क, आणि आजारी मूल घरी ठेवणं.

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे. तापाचं सिरप ताप उतरवतं, विषाणूला हातही लावत नाही. सकाळी आठला औषध पाजलं की पोरगं टवटवीत दिसतं. दुपारी मधल्या सुट्टीत ताप परत चढतो. तोवर रिक्षाकाकांच्या रिक्षात दाटीवाटीने बसलेली सगळी मुलं, बाकावरची शेजारीण, डब्यातली पोळी वाटून घेणारे दोघे, सगळ्यांना प्रसाद मिळालेला असतो. मी सांगते तो नियम साधा आहे. तापाचं औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, की शाळा. खोकला थोडा रेंगाळेल, त्याला हरकत नाही.

पण मी हे सांगते तेव्हा समोरची आई गप्प का होते, तेही मला कळतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर आलेल्या जोडप्याचं बाळ तर बागेच्या कडेच्या झोपडीतच असतं. त्याला घरी ठेवा म्हणजे कुठे ठेवा? ‘घरी राहा’ हा सल्ला पगारी रजा असलेल्यांनीच पगारी रजा असलेल्यांना द्यावा असा आहे. सरकारच्या तयारीबद्दल बोलताना औषधांचा साठा मोजतात. मूल आजारी पडलं तर आईबापांपैकी एकाला पगार न कापता दोन-तीन दिवस मिळतील का, हे कुणी विचारत नाही. मी कलेक्टर असते तर पहिली बैठक कारखानदारांची आणि बागायतदारांची घेतली असती. असो.

शाळांनाही एक सांगायचंय. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. ज्या मुलाला ते मिळतं, ते वर्षातून एकदा तरी तापात वर्गात बसलेलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता घरी ठेवलं, मग धावायचं कधी? २००९ मध्येच केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले होते आणि ती वाटणी आजही उपयोगाची आहे. साधा ताप, खोकला, घसादुखी असेल तर चाचणी नको, घरी आराम, भरपूर पाणी-पेज, डॉक्टरांशी संपर्क. खूप ताप असेल, किंवा मूल लहान असेल, दमा, हृदयाचा, किडनीचा आजार असेल, आजारी बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. फ्लूवरचं ओसेल्टामिविर लक्षणं दिसल्यापासून दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण देतं, पण ते द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. आणि तिसरा गट म्हणजे रुग्णालय, त्याच क्षणी. मूल भराभर श्वास घेतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ-नखं निळसर दिसतायत, दूध-पाणी घेत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगीत आहे, आकडी आली. श्वास मोजायचा तर मूल शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण मिनिटभर. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर थांबू नका. आणखी एक, ताप उतरून मूल हसू-खेळू लागलं आणि दोन दिवसांनी पुन्हा जोरात ताप भरला तर तेही धोक्याचं, न्यूमोनिया असू शकतो. फ्लूमध्ये मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. उरलेलं अँटिबायोटिकही नको, विषाणूवर ते चालत नाही. आणि मेडिकलवाल्याला विचारून आणलेलं कफ सिरप नकोच. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ सिरपने छिंदवाड्याच्या लहानग्यांचं काय झालं ते आठवा, त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं.

दरवर्षीच्या फ्लूची लस सरकारच्या मोफत लसीकरणात मुलांसाठी नाही. खासगीत ती दीड-दोन हजारांच्या घरात जाते, म्हणून सगळ्यांना सरसकट ‘घ्याच’ म्हणताना माझी जीभ अडखळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे, आणि पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. परवडत असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, ऑगस्टमध्ये धावत येऊन उपयोग थोडा. गरोदर बायांना आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना ही लस मोफत देण्याची योजना राज्याने २०१५ पासून आणली. सुनेला सातवा महिना असेल तर सरकारी दवाखान्यात विचारायला लाजू नका.

आता सरकारचं. नाशिकमध्ये हे बोलायचं तर २१ एप्रिल २०२१ टाळता येत नाही. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, दाब पडला, आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. टाकी नवीन होती. तिसऱ्याच दिवशी, २४ एप्रिलला, विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्सप्रेस नाशिकरोडला पोचली. म्हणजे हजार किलोमीटरवरून टँकर आणायची धमक आपल्यात आहे, पण वॉल्व्हची देखभाल कोण करतं याचं उत्तर नसतं. माझ्या लेखी तयारी मोजायची ती अशा कंटाळवाण्या गोष्टींत. टाकीची तपासणी कधी झाली, लहान मुलांच्या आयसीयूत रात्री नर्स किती, लहान मापाचे मास्क कपाटात आहेत की कागदावर. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होती, तेव्हा विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. आता रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर हेही नगरसेवकाला विचारा.

दिल्लीतही काही हललं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने साथीच्या पहिल्या शंभर दिवसांत काय करायचं याचा आराखडा मांडला आणि नवा कायदा सुचवला. आपण अजून १८९७ चा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला चार कलमांचा कायदा वापरतो. मार्च २०२० मध्ये राज्याने तोच बाहेर काढला होता.

नाशिकला तर तारीखही माहीत आहे. सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, म्हणजे फ्लूच्या ऐन हंगामात. २०१५ चा सिंहस्थही असाच पावसाळ्यात झाला, आणि त्याच वर्षी देशात स्वाईन फ्लूचे ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू नोंदले गेले. कुंभामुळे ते झालं असं मी म्हणत नाही, त्या वर्षीची मोठी लाट आधीच, थंडीत येऊन गेली होती. पण घाट रुंद होतायत, रस्ते होतायत, तेव्हा तापाच्या रुग्णांसाठी वेगळी ओपीडी, नमुने लवकर तपासण्याची सोय आणि रामकुंडाजवळच्या शाळांचं त्या दिवसांतलं वेळापत्रक यांची चर्चा ऐकू यायला हवी. लहान बाळाला कडेवर घेऊन पर्वणीच्या गर्दीत जायचं का, हा तुमच्या श्रद्धेचा भाग. मला विचाराल तर बाळाला आजीपाशी ठेवा.

नवापूरचं उदाहरण इथे मुद्दाम देते, कारण सरकारने वेळेत केलेली कामं आपण विसरतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. लाखो कोंबड्या मारल्या, गावोगाव ताप मोजत पथकं फिरली, आणि माणसांत एकही रुग्ण निघाला नाही. पोल्ट्रीवाले मात्र कर्जात बुडाले. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच. ज्याला भरपाईची खात्री नाही तो मेलेल्या कोंबड्यांची बातमी लपवणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. नाशिक जिल्हा पोल्ट्रीचा आणि नांदूर मध्यमेश्वर स्थलांतरित पक्ष्यांचं, म्हणून हे आपल्या अंगणातलं आहे. मुलांना एवढंच शिकवा: मेलेला पक्षी हाताने उचलायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. चिकन-अंडी नीट शिजवून खुशाल खा. २०२० च्या फेब्रुवारीत ‘चिकनने कोरोना होतो’ या एका व्हॉट्सॲप मेसेजने किती शेतकऱ्यांचं नुकसान केलं ते निफाड-सिन्नरमध्ये विचारा. तो मेसेज पुढे पाठवणारे आपल्यासारखेच शिकलेले होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मालेगावात साथ भडकली. तिथे कोविडइतकाच त्रास खासगी दवाखाने बंद पडल्याने झाला. साखर, दमा, बाळंतपण, बाळाच्या लशी, यांना थांबता येत नव्हतं. म्हणून माझं एक मागणं. बाळाचं लसीकरणाचं कार्ड आत्ताच काढून बघा, गोवरची राहिली असेल तर या आठवड्यात घ्या. घरात कुणाला दमा असेल तर पंप आणि महिनाभराची औषधं शिल्लक ठेवा.

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत फी आणि बसच्या तक्रारी झाल्या की मुख्याध्यापकांना विचारा: वर्गात ताप भरलेलं मूल पालक येईपर्यंत कुठे बसतं? बहुतेक शाळांत ते ऑफिसबाहेरच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध बसतं. हवेशीर खोलीत एक खुर्ची आणि एक मावशी मिळाली तरी पुष्कळ. आणि शाळेच्या डायरीत दोन फोन नंबर द्या, त्यातला एक तरी दुपारी दोन वाजता उचलला जाणारा असू दे.