पिसं धुण्याआधी ऐकून घ्या

पोरींनो, आधी पीस कुणाचं ते बघा, धुण्याचं नंतर. अमेरिकेत अंगणात पडलेलं ब्लू जेचं, कार्डिनलचं, अगदी कावळ्याचं पीससुद्धा उचलून घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. बायकांच्या टोप्यांवर तुरे खोवायची फॅशन होती तेव्हा इथे बगळ्यांची बेसुमार कत्तल झाली. त्यातून चळवळ उभी राहिली आणि 1918 साली स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला. तो गळून पडलेल्या पिसालाही लागतो, कारण पीस आपोआप गळलं की पक्षी मारून काढलं, हे नुसतं बघून कोण सांगणार? गरुडाच्या पिसाला तर त्याहून कडक कायदा आहे. कोंबडी, पाळलेली टर्की, मोर यांना मात्र 1918चा कायदा लागू नाही. तरी मोरपीस भारतातून बॅगेत घालून आणू नका. तिथून त्याच्या निर्यातीला बंदी आहे. बाळकृष्णाच्या मुकुटाला इथल्या मोराचं पीस चालतं, देव काही म्हणत नाही.

तेव्हा कोंबडीच बरी. दिवस लहान व्हायला लागले की, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, दीडेक वर्षाची कोंबडी पिसं गाळते. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेपटी. अंगातलं प्रथिन नव्या पिसांकडे वळतं, म्हणून त्या काळात अंडी थांबतात. खुराड्यातली पिसं रोज सकाळी उचला. कोंबडीच्या अंगावरचं पीस कधीही उपटू नका. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ओढलं की तिला दुखतं. शिटीत लोळलेली, तुटकी, कुरतडलेली पिसं धुऊन सुधारत नाहीत. ती सरळ टाका, लोभ करू नका. उरलेली लगेच वेगळी लावा: मानेची, छातीची, पंखांची. डाव्या पंखाची पिसं एका बाजूला वळतात, उजव्याची दुसऱ्या. कानातल्यांची जोडी करायची तर हे आत्ताच बघा, मग घोळ होतो.

आता फ्रीझर. पिसं झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा आणि दोन आठवडे आत ठेवा. बारीक किडे आणि कसरीच्या अळ्या मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर घरातल्या उबेला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पिसांवर दव धरतं. गणपतीचे मोदक ज्या फ्रीझरमध्ये आहेत त्यात मात्र ही पिशवी नको, गॅरेजमधला वापरा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: थंडीने किडे मरतात, रोगजंतू मरतात असं नाही. साल्मोनेला आणि बर्ड फ्लूचा विषाणू दोन्ही गारठ्यात छान टिकतात. 2022च्या फेब्रुवारीत इंडियानातल्या टर्कीच्या फार्मवर बर्ड फ्लू सापडला आणि तेव्हापासून तो या देशात फिरतोच आहे. कळपातली एकही कोंबडी आजारी असेल किंवा अचानक मेली असेल तर तिथलं पीस घेऊ नका. निरोगी कोंबडीचं असलं तरी हातमोजे घाला, मास्क लावा आणि बादली बाहेर ठेवा. ज्या सिंकमध्ये भाजी धुता तिथे पिसं धुवायची नाहीत.

धुणं सोपं आहे. पीस केराटिनचं असतं, म्हणजे आपल्या केसांसारख्याच प्रथिनाचं. जे केसांना लावाल तेच त्याला. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. कॅलिफोर्नियातली पक्षी वाचवणारी संस्था तेलात माखलेले समुद्रपक्षी 1978पासून डॉन या भांड्यांच्या साबणानेच धुते. पक्ष्याला चालतो तर तुमच्या पिसाला का नाही? पिसं पाण्यात हलकेच बुडवा आणि देठाकडून टोकाकडे बोटं फिरवा. उलटं चोळलंत तर तंतू विस्कटतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. शेवटच्या पाण्यात चमचाभर बोरॅक्स घाला, कपड्यांच्या साबणांच्या शेल्फवर मिळतो. त्याने कसर लवकर लागत नाही. तो डबा लहान मुलांपासून दूर ठेवा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. ते केराटिन खातं, आणि शिटीतल्या अमोनियाशी मिसळलं तर विषारी वायू होतो.

ओलं पीस बघून जीव खट्टू होतो, मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखं दिसतं. घाबरू नका. टॉवेलवर टिपा, कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत घाला आणि हेअर ड्रायरचा गार झोत सोडा. पीस वाळता वाळता फुलतं. मग फटी पडलेले तंतू चिमटीत धरून टोकाकडे ओढा. त्यांना बारीक आकडे असतात, ते पुन्हा अडकतात. दांडी वाकली असेल तर केटलीच्या वाफेवर क्षणभर धरा. रंगीत पिसं उन्हात वाळवू नका, रंग उतरतो.

पांढरं पीस रंगवायचं तर लोकरीला चालतो तो रंग आणि थोडं व्हिनेगर. मुलांसाठी बिनसाखरेच्या कूलएडची पुडी पुरते, तिच्यात सायट्रिक आम्ल असतंच. पाणी गरम हवं, उकळतं नको, आणि पीस आधी साध्या पाण्यात भिजवा, नाहीतर डाग पडतात. हळदीचा रंग झकास चढतो, पण खिडकीत ठेवलात तर महिन्याभरात फिका पडेल. दसऱ्याच्या सजावटीला ठीक.

त्या पिसांचं ड्रीमकॅचर करून मेळ्यात विकणार असाल तर पाटीवर ‘नेटिव्ह अमेरिकन’ लिहू नका. त्यांनी न बनवलेली वस्तू त्यांच्या नावावर विकू नये, यासाठीच 1990चा कायदा आहे.

साठवताना डबा पूर्ण कोरडा हवा. डांबरगोळ्या नकोत, तो वास पिसातून जात नाही आणि मुलांच्या नाकालाही बरा नाही.

घरी कोंबड्या नसतील तर शेतकरी बाजारात अंडी विकणाऱ्या बाईंना ऑगस्टमध्येच सांगून ठेवा. एरवी ती पिसं त्या खताच्या ढिगात टाकतात.