धुक्याचे दिवे आणि 0.2 ओहम

पावसाळ्यात आंबोली घाट चढणाऱ्या पिकअप गाडीला धुक्यासाठी दोन जादा दिवे जोडायचे आहेत. प्रत्येक दिवा 12 व्होल्ट, 55 वॅटचा. समांतर जोडणीत धारा सुमारे 9 अँपिअर. तापलेल्या तंतूंचा एकत्रित रोध 1.3 ओहम.

आता बारीक तार चालकापुढील बटणातून फिरवून नेली आणि वाटेत 0.2 ओहम रोध आला असे समजा. प्रयोगशाळेत एवढा रोध आपण खुशाल सोडून देतो! येथे मात्र धारा 8 अँपिअरवर येते, 1.6 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिव्यांना उरतात 10.4. व्होल्टता 13 टक्क्यांनी घटली, पण तंतू कमी तापल्याने उजेड 35 ते 40 टक्क्यांनी घटतो. शिवाय तार व बटण यांत सुमारे 13 वॅट उष्णता निर्माण होते. बटणे वितळतात ती यामुळे.

म्हणून रिले वापरावा. त्याच्या वेटोळ्याला अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा पुरतो, तेवढाच बटणातून जातो. वेटोळ्याचे चुंबकत्व पट्टी ओढते आणि जाड, आखूड तारेचे मंडल पूर्ण होते. 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगतच हवा. तो दिव्याजवळ बसवला आणि मधली तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर तो वितळणारच नाही. तार मात्र पेटेल.