पिवळा कुत्रा

अमेरिकेत फ्रेड गिप्सन नावाचा लेखक होऊन गेला. त्याचे 'ओल्ड येलर' हे मुलांचे पुस्तक १९५६ साली निघाले. त्यात टेक्सास मुलखातल्या एका शेतकरी कुटुंबाची आणि त्यांच्या कुत्र्याची गोष्ट आहे. काळ दीडशे वर्षांपूर्वीचा.

बाप गुरे विकायला दूर कॅन्ससला गेला. घरी आई, चौदा वर्षांचा ट्रॅव्हिस आणि पाच वर्षांचा आर्लिस. एक दिवस एक कानतुटका पिवळा कुत्रा आला आणि टांगलेले मांसच खाऊन बसला! ट्रॅव्हिसला तो डोळ्यांसमोर नको होता. धाकटा मात्र त्याला सोडीना.

पुढे आर्लिसने अस्वलाचे पिल्लू धरले. अस्वलीण धावून आली. हा चोर कुत्रा मध्ये पडला, म्हणून पोरगा वाचला. मग ट्रॅव्हिसचाही त्याच्यावर जीव जडला. मूळ मालक शोधत आला, तर त्याने एक सरडा आणि पोटभर जेवण घेऊन कुत्रा पोरांनाच देऊन टाकला. असा दिलदार माणूस विरळा!

त्या साली जनावरे पिसाळू लागली. यांची गायही पिसाळली. तिला मारावे लागले. रात्री आई तिचे मढे जाळत असता एक लांडगा अंगावर आला. कुत्रा त्याच्याशी झुंजला. ट्रॅव्हिसने लांडग्याला गोळी घातली. पण आईने ओळखले, धड लांडगा जाळाजवळ येत नाही. हा पिसाळलेला होता आणि कुत्र्याला चावला होता. ट्रॅव्हिसने आपल्या हाताने आपल्या कुत्र्याला गोळी घातली.

दुसरे करणार काय? तेव्हा लसच नव्हती. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८८५ साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती पहिल्यांदा टोचली. पोरगा जगला.

आज लस आपल्या सरकारी दवाखान्यात मिळते. पोटात चौदा सुया टोचत, ते दिवस गेले. आता दंडात टोचतात. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद लावू नये. मांत्रिकाकडे बसू नये, कारण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळ्या सुया घ्याव्यात. एक घेऊन घरी बसणारे पुष्कळ आहेत!

घरच्या कुत्र्यालाही गुरांच्या दवाखान्यात दर वर्षी लस टोचून घेता येते. आणि लहान पिल्लाने नुसते ओरबाडले, रक्त थोडेच आले, तरी दवाखान्यात दाखवावेच.