रंग सगळ्यात शेवटी

अगं, महाल भागातल्या तुमच्या वाड्याच्या मागच्या शेडमध्ये आजोबांची डॉज किंग्जवे उभी आहे आणि तुला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, हे ऐकून मला खरंच फार आनंद झाला. पण त्याच दमात तू विचारलंस, "ताई, रंग कुठला देऊ?" म्हणून आज जरा निवांत बोलते. रंगाचं नाव सध्या काढू नकोस. आधी ही गाडी कागदावर तुझी झाली पाहिजे. मग तिचे ब्रेक लागले पाहिजेत, मग इंजिन नागपूरच्या उन्हात थंड राहिलं पाहिजे. रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही मुळात होता तोच.

घरात सगळे तिला "इम्पोर्टेड" म्हणत असतील. किंग्जवे असेल तर ती बहुधा आपल्या कुर्ल्यात जोडलेली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. त्याआधी १९२८ पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स शेव्हरोले जोडत होती, फोर्डही मुंबईत होती. पुढे १९५३ च्या सुमाराला सरकारचं धोरण ठरलं, की नुसते सुटे भाग आणून गाडी जोडायची नाही, इथेच बनवायची. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघींनी गाशा गुंडाळला, आणि प्रीमिअरने फियाटवर भर दिला. हा इतिहास तुला कामाचा आहे. किंग्जवे म्हणजे अंगाने प्लिमथच. डिसोटो डिप्लोमॅटही तिचीच बहीण. त्यामुळे सामान शोधताना नुसतं "डॉजचं आहे का" विचारू नकोस, तिन्ही नावं घे. फार्गो ट्रकही विचार, त्याचं इंजिन त्याच घराण्यातलं.

आता कागद. घरातल्या जुन्या ट्रंका, बँकेच्या पासबुकांच्या पिशव्या, देवघराखालचा खण, सगळं उलटंपालटं कर, पण आरसी शोध. ती सापडली आणि तिच्यावर भलत्याच राज्याचा शिक्का दिसला तर दचकू नकोस. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मग आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. गाडी जागची हलली नाही तरी तिच्या कागदांवर तीन राज्यं असू शकतात. आरटीओतल्या तरुण कारकुनाला हे ठाऊक असेलच असं नाही, तू शांतपणे समजावून सांग. शहरात एमएच ३१, पूर्व नागपुरात एमएच ४९ आणि ग्रामीणला एमएच ४० अशी आपल्याकडे तीन कार्यालयं आहेत. तुमचा पत्ता कुठे मोडतो ते आधी बघ, म्हणजे चकरा वाचतील.

आणि एक नाजूक गोष्ट, जी तुला दुसरं कोणी सांगणार नाही. गाडी आजोबांच्या नावावर आहे. आज ती भंगार म्हणून पडलीय, तेव्हा काका, आत्या, चुलतभाऊ कोणाचंच काही म्हणणं नाही. तू वर्ष-दोन वर्षं राबून, साठवलेले पैसे घालून ती चालू केलीस, की तिला किंमत येईल आणि मग सगळ्यांना आजोबांची आठवण येईल. म्हणून पहिला नट सैल करायच्या आधी सगळ्या वारसांचं संमतीपत्र लेखी घे, प्रतिज्ञापत्रासकट. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज म्हणजे नमुना ३१. विक्रीचा नमुना ३० वेगळा. आत्याकडे जाताना पोहे खायच्या वेळेला जा, गोड बोल, पण सही घेऊनच ऊठ. यात संकोच करू नकोस, गं. नात्यांतली कटुता टाळायचा हाच मार्ग आहे.

नंबर तपासायचा तो दोन ठिकाणी. चेसिसचा नंबर दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मिळतो, इंजिनाचा ब्लॉकच्या डाव्या अंगाला, डायनमोच्या वर. रॉकेलच्या फडक्याने पुसून, कागद ठेवून पेन्सिलने छाप घे. हे दोन्ही आरसीशी जुळले तर देवापुढे साखर ठेव. कारण पेट्रोल महागलं तसं कितीतरी अमेरिकन गाड्यांतलं मूळ इंजिन काढून लोकांनी डिझेल इंजिन बसवलं. गाडी चालत राहिली, पण तिचं मूळपण गेलं. आणि आता कायदाही मूळपणच मागतो. जुलै २०२१ मध्ये आपल्याच नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या मंत्रालयाने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. पुढच्या नोंदणीला ५ हजार. नव्या नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचा नंबर असेल तर तो सोडू नकोस. या नोंदणीवर रोज ऑफिसला मात्र जाता येत नाही: रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर. म्हणून कोणी "एसी बसवून टाक, पॉवर स्टीअरिंग टाक, मजा येईल" म्हणालं तर ठाम नाही म्हण. कायदा सोड, गाडीशीच तो अन्याय आहे.

आता इंजिनाकडे येऊ. वर्षानुवर्षं बंद गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि घरातला एखादा उत्साही भाऊ ते करायला धावतोच. त्याला अडव. जाम पिस्टनवर जोर पडला की रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे जातात. सहाही प्लग काढ, प्रत्येक भोकात गिअरचं पातळ तेल आणि डिझेल मिसळून थोडं थोडं सोड आणि काही दिवस थांब. रोज एकदा हँडल लावून हाताने अंदाज घे. इंच-अर्धा इंच हललं की समज, जीव आहे. मग कम्प्रेशन बघ. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४, आणि पॉइंटचा गॅप २० थाउ; हे दोन आकडे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेव. हेड उघडायची वेळ आली तर गॅस्केट मागवण्याआधी हेडची लांबी टेपने मोज. क्रायस्लरच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनात २३ इंची आणि २५ इंची असे दोन प्रकार आहेत आणि एकाचं गॅस्केट दुसऱ्याला बसत नाही.

नागपुरात या गाड्या का तापतात ते आता सांगते, आणि हे नीट ऐक, कारण इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उकळते, आणि मेकॅनिक म्हणतो, "रेडिएटर बदला, मोठा पंखा टाका." दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, पुढून मागपर्यंत, पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिच्या भोकांतून पाणी प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी पोचतं. ही नळी सत्तर वर्षांत गंजून खलास होते. मग पुढच्या सिलिंडरांना भरपूर पाणी, मागच्यांना काहीच नाही, आणि मागचे व्हॉल्व्ह जळतात. रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवला की ती पुढून ओढून काढता येते. येत नसेल तर तुकड्या-तुकड्यांनी. तशीच नवी नळी पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या पत्र्याची करून घे. त्याच वेळी ब्लॉकचे वेल्श प्लग काढून मागे साठलेला गाळ खरवडून काढ. बादलीभर लाल चिखल निघेल. रेडिएटर टाकायचा नाही, तांब्या-पितळेचा आहे तो. रॉडिंग करणाऱ्याकडे दे.

उन्हातला दुसरा त्रास म्हणजे गाडी चालता चालता घरघरून बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी चालू होते. इंजिनच्या एकाच बाजूला दोन्ही मॅनिफोल्ड, आणि पेट्रोलचा पंप त्यांच्याच खाली. पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही कार्ब्युरेटरपर्यंत चढत नाही. मुळात पंपावर पत्र्याचा एक आडोसा असतो. आधीच्या कोणीतरी तो काढून फेकलेला असतो. तो पुन्हा करून बसव, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर ने. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ही गाडी बनली तेव्हा असलं पेट्रोल कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉल ओल ओढून घेतं, टाकी आतून गंजवतं, जुनं रबर आणि बुचाचे वायसर सुजवतं. तेव्हा पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, नव्या घे. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवणार असशील तर टाकी रिकामी करून ठेव.

ब्रेकचं काम कोणाच्या भरवशावर सोडू नकोस. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, सगळे होज, एकदमच नवे. ड्रम उघडशील तेव्हा कम्प्रेसरची हवा मारू देऊ नकोस. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पूस. आणि हो, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे आहेत. हे माहीत नसलेला गडी पाइप लावून जोर करतो आणि बोल्ट मोडतो. पाने इंची लागतील, मिलिमीटरचे लावले तर डोकी घासतील. बॅटरी सहा व्होल्टची आणि अर्थ पॉझिटिव्हला. आजचा इलेक्ट्रिशियन सवयीने उलटी जोडेल, तू शेजारी उभी राहा.

स्वतःलाही जप. पंख्याला जाळी नसते, म्हणून ओढणी काढून ठेव, वेणीचा अंबाडा घाल. बॅटरीपाशी जाताना बांगड्या, अंगठी, साखळी काहीच अंगावर नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नकोस, कितीही लहान काम असो. घोडी लाव.

गॅरेजमध्ये आणखी एक अनुभव येईल. प्रश्न तू विचारशील आणि उत्तर तुझ्यासोबतच्या पुरुषाला मिळेल. मला फार लागायचं ते. रागावून उपयोग होत नाही, फीलर गेज हातात घेऊन पॉइंट स्वतः सेट केलास की दुसऱ्या दिवसापासून उस्ताद तुझ्याशी बोलतो. घाट रोडला, कामठी रोडला अजून असे म्हातारे मिस्त्री आहेत ज्यांचे हात कार्ब्युरेटर आणि डायनमोवर घडले. त्यांच्या हाताखाली आता शिकायला कोणी नाही. त्यांना पैसे चोख दे, आणि त्यांचं प्रत्येक काम वहीत उतरवून घे. ती माणसं गेली की ही विद्या जाणार आहे, आणि याचं मला गाडी जाण्याहून जास्त वाईट वाटतं.

तुझ्या गाडीची बॉडी पूर्ण पत्र्याची आहे. १९३७ च्या आधीची शेव्हरोले घेतलेल्या माझ्या एका मैत्रिणीला आतली लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली मिळाली. तिने बल्लारशाचा साग आणून सुताराकडून हुबेहूब करून घेतली, ते बघून ये. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे मुंबईच्या गाड्यांइतका पत्रा सडत नाही. रबर, वायरिंग आणि गादी मात्र ऊन आणि उंदीर खातात. डेंटरला लांबीचे थर भरू देऊ नकोस. पत्रा ठोकून सरळ कर, सडलेला तुकडा कापून नवा जोड.

सामानासाठी मुंबईचा चोरबाजार आणि कोलकात्याचा मलिक बाजार. हावडा मेल दोन्हीकडे नेते. अमेरिकेतून नवं सामान येतं, पण वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब कर, आणि फक्त ब्रेक, गॅस्केट, बेअरिंग अशाच वस्तू मागव. चकचकीत बंपरवर आधी पैसे घालवणाऱ्यांच्या गाड्या शेडमध्येच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

काम दिवाळीनंतर सुरू कर. फेब्रुवारीपर्यंत शेडमध्ये दिवसभर बसवतं. तोवर आरसी शोध आणि आत्याची सही घे. दोन्ही झालं की मला सांग, पहिल्या रविवारी प्लग काढायला मी स्वतः येते.